दूरचे क्लब आणि दिल्लीचे मैदान

फुटबॉल क्लबांच्या नशिबावर चाहत्यांमध्ये हंगामभर चालणारा वाद ही खेळाच्या कडेची गोष्ट मानली जाते. सामना खरा, त्यावरची चर्चा म्हणजे रिकाम्या वेळची बडबड, असा सर्वसाधारण समज असतो. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद या शहरांच्या पट्ट्यात हा समज टिकत नाही, कारण येथील असंख्य तरुण ज्या क्लबांसाठी रात्री जागवतात त्यांच्या मैदानात त्यांनी कधी पाऊल टाकलेले नसते, आणि तरीही आर्सेनल, लिव्हरपूल, चेल्सी किंवा मँचेस्टर युनायटेड यांच्या गेल्या वीस वर्षांतील जयापजयांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. सामना त्यांच्यापासून साडेसहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर घडतो; त्यांच्या वाट्याला पडदा येतो आणि वाद येतो. म्हणूनच हा वाद कशावर जगतो आणि कशावाचून अपुरा राहतो, हे दिल्लीत अधिक स्पष्टपणे तपासता येते.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगची रचनाच वादाला पोषक आहे. वीस क्लब ऑगस्ट ते मे या काळात प्रत्येकी ३८ सामने खेळतात, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा स्वतःच्या आणि एकदा त्याच्या मैदानावर. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. शेवटी बाद फेरी नाही आणि अंतिम सामनाही नाही, त्यामुळे ऑगस्टमधल्या एखाद्या कंटाळवाण्या बरोबरीचे मोल मे महिन्यात कळते. गुणतालिकेच्या वरच्या टोकाला विजेतेपद आणि युरोपातील स्पर्धांची दारे असतात, तर खालच्या टोकाला तळाचे तीन क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलले जातात, ज्याला चाहते ‘रेलिगेशन’ म्हणतात. या दोन टोकांमुळे तालिकेत बिनमहत्त्वाची जागा फारशी उरत नाही. सतराव्या आणि अठराव्या क्रमांकांमधले अंतर कित्येकदा पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांमधल्या अंतराहून भयंकर असते.

दिल्लीकर चाहत्याच्या आठवड्याला या हंगामाने एक वेगळेच वेळापत्रक दिले आहे. इंग्लंडमधील घड्याळे ऑक्टोबरअखेर एक तास मागे जातात, त्यामुळे तेथे शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना दिल्लीत आधी संध्याकाळी साडेसातला आणि मग थंडीत साडेआठला येतो, तर आठवड्याच्या मधल्या दिवसांतला रात्री आठचा सामना डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू होतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मैदानावरची गर्दी घटू नये म्हणून १९६० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामन्यांचे थेट प्रक्षेपण दाखवण्यास बंदी आहे. म्हणजे तीनचा जो सामना त्या क्लबच्या शेजारी राहणारा पण तिकीट न मिळालेला माणूस घरी बसून पाहू शकत नाही, तो दिल्लीच्या मयूर विहारमधला विद्यार्थी पाहू शकतो. पाहण्याच्या हक्काच्या बाबतीत दूरचा चाहता जवळच्यापेक्षा कधीकधी पुढे असतो. ऐकले जाण्याच्या हक्काची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

या निष्ठेचा उगम शोधताना प्रक्षेपणाचा व्यवहार टाळता येत नाही. प्रीमियर लीग १९९२ मध्ये जुन्या फुटबॉल लीगपासून वेगळी झाली ती मुख्यतः दूरचित्रवाणीच्या पैशासाठी, आणि तिचे हक्क रूपर्ट मर्डॉक यांच्या उपग्रह वाहिनीने घेतले. भारतात केबल आणि उपग्रह वाहिन्या घराघरांत शिरल्या त्या याच सुमारास. १९९३ मध्ये मर्डॉक यांच्या कंपनीने स्टार टीव्हीचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि पुढे स्टारच्या क्रीडावाहिन्यांवरून इंग्लंडचे सामने भारतीय घरांत नियमितपणे येऊ लागले. दिल्लीची जी पिढी या वाहिन्यांबरोबर वाढली तिने ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या युनायटेडचे वर्चस्व, २००३-०४ मध्ये एकही सामना न हरता विजेता ठरलेला आर्सेनलचा संघ आणि नंतर चेल्सी व मँचेस्टर सिटी यांच्यामागे उभे राहिलेले परदेशी धन हे सारे क्रमाने पाहिले. निष्ठा विकली गेली, असे यावरून कोणी म्हणेल. परंतु बाजाराने दार उघडले म्हणून आत गेलेल्या माणसाची भावना बाजारूच असते, असे सिद्ध होत नाही. ग्रंथही बाजारातूनच घरी येतात.

निष्ठा खरी की उसनी, हे ठरवण्याचे एकच भरवशाचे माप आहे, आणि ते म्हणजे पराभवाचा काळ. मँचेस्टर युनायटेडचे विजेतेपदांचे वैभव पाहून २००८ च्या आसपास त्याच्या बाजूला गेलेला मुलगा २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाल्यावरही तेथेच राहिला, एकामागून एक प्रशिक्षक येताना-जाताना पाहत राहिला आणि २०२४-२५ मध्ये तो क्लब ४२ गुणांसह पंधराव्या क्रमांकावर घसरला तेव्हाही त्याने रंग बदलला नाही, तर त्याच्या निष्ठेला उसनी म्हणणे अन्यायाचे आहे. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी १९९० नंतर २०२० पर्यंत तीस वर्षे विजेतेपदाची वाट पाहिली, आणि त्या वाटेचा मोठा भाग दिल्लीतल्या चाहत्यांनीही चालून काढला. जन्मस्थान हा योगायोग आहे. वाट पाहणे हा निर्णय आहे, आणि तो दर हंगामात नव्याने घ्यावा लागतो.

दिल्लीच्या संदर्भात या निष्ठेला आणखी एक अर्थ आहे. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील वैराची मुळे पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी आणि पूर्व बंगालातून आलेले लोक यांच्या भेदात आहेत. तेथे क्लब माणसाला वारशाने मिळतो. दिल्लीचा मोठा हिस्सा बाहेरून आलेल्यांचा आहे, आणि फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांपासून स्पर्धा परीक्षांसाठी करोल बाग व जुन्या राजेंद्र नगरात खोली घेऊन राहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलापर्यंत प्रत्येकाचे गाव, भाषा आणि जेवण वेगळे आहे. अशा शहरात केरळचा, बिहारचा आणि नांदेडचा मुलगा एका टेबलाभोवती बसून समान हक्काने वाद घालू शकतील असे विषय फार थोडे असतात, कारण राजकारणात जात येते, क्रिकेटच्या आयपीएलमध्येही राज्याचा अभिमान डोकावतो. इंग्लिश क्लब कोणाच्याच प्रांताचा नसल्यामुळे तेथे केवळ स्मरण, माहिती आणि युक्तिवाद यांवर माणसाचे वजन ठरते. या समतेची किंमत कमी लेखू नये.

युक्तिवादाचा दर्जाही दिसतो त्याहून उंच असतो. आर्सेनलने २००३-०४ मध्ये ९० गुण मिळवून विजेतेपद घेतले आणि त्या संघाला अजिंक्य म्हटले गेले. त्याच क्लबने २०२३-२४ मध्ये ८९ गुण मिळवले आणि ९१ गुणांच्या मँचेस्टर सिटीमागे तो दुसरा राहिला. मग दुसरा संघ पहिल्याहून एका गुणाने कमी प्रतीचा, की बदललेल्या काळामुळे विजयाचे मापच वर गेले? या एका प्रश्नात कर्तृत्व आणि परिस्थिती यांच्या संबंधाचा पूर्ण पेच आहे, आणि चाहते तो पैसा, दुखापती, खेळाडूंची विश्रांती, पंचांचे निर्णय, नशीब अशा अंगांनी सोडवू पाहतात. नशीब वेगळे काढण्यासाठी आता ‘एक्सजी’ नावाचे माप वापरले जाते: प्रत्येक फटक्याला त्याचे अंतर, कोन आणि परिस्थिती पाहून शून्य ते एक यांमधले एक मूल्य दिले जाते, म्हणजे तसा फटका सरासरीने कितीदा गोल होतो हे सांगितले जाते, आणि या मूल्यांच्या बेरजेवरून संघाला किती गोल मिळायला हवे होते याचा अंदाज बांधला जातो. पेनल्टीचे मूल्य या मापात पाऊणच्या आसपास धरतात. संख्याशास्त्राच्या वर्गात झोपणारा विद्यार्थी संभाव्यता आणि घटना यांतला फरक येथे आवडीने शिकतो, आणि नमुना लहान असेल तर निष्कर्ष कच्चा ठरतो, हे प्रतिस्पर्धी त्याला लगेच सुनावतो.

परंतु या वादाला ज्ञान आणि निष्ठा यांखेरीज आणखी एक गोष्ट लागते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: टिकून राहणारी संस्था. ८९ आणि ९० या आकड्यांची तुलना अर्थपूर्ण होते, कारण त्या वीस वर्षांत क्लबचे नाव, शहर, रंग आणि स्पर्धेचे नियम ओळखण्याइतके तसेच राहिले. आर्सेनलने २००६ मध्ये हायबरीचे मैदान सोडले, ते जवळच्याच नव्या मैदानासाठी. संस्था आज आहे आणि उद्या नसेल, तर तिच्याबद्दल बातमी होऊ शकते, खेद होऊ शकतो. वाद होऊ शकत नाही, कारण वादाला मागचा हंगाम आणि पुढचा हंगाम दोन्ही हवे असतात. दिल्लीचा चाहता इंग्लंडकडे का वळला याचे उत्तर झगमगाटापेक्षा येथे अधिक सापडते, आणि त्यासाठी २०१९ चा ऑगस्ट महिना पाहणे पुरेसे आहे.

त्या महिन्याच्या २७ तारखेला उत्तर इंग्लंडमधील बरी हा १८८५ साली स्थापन झालेला क्लब आर्थिक डबघाईमुळे इंग्लंडच्या लीगमधून काढून टाकला गेला. सिक्कीमचे बायचुंग भुतिया १९९९ मध्ये ज्या क्लबकडे खेळायला गेले होते, तोच हा क्लब. त्याच आठवड्यात भारतात इंडियन सुपर लीगमधून पुण्याचा एफसी पुणे सिटी नाहीसा झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. लगोलग दिल्ली डायनॅमोज हा राजधानीचा संघ भुवनेश्वरला हलवून त्याचे नाव ओडिशा एफसी ठेवण्यात आले. दिल्ली डायनॅमोजने २०१४ मध्ये इटलीच्या अलेस्सांद्रो देल पिएरोला आणले होते, २०१५ मध्ये ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसच्या आणि २०१६ मध्ये इटलीच्या जानलुका झाम्ब्रोताच्या मार्गदर्शनाखाली उपान्त्य फेरी गाठली होती. पाच हंगामांची ही आठवण एका निर्णयाने अधांतरी झाली. ती आठवण आता कोणाची? ओडिशाच्या चाहत्याला ती नको आहे, आणि दिल्लीच्या चाहत्याकडे ती ठेवायला क्लब नाही.

तिन्ही घटना सारख्याच दुःखाच्या असल्या तरी त्यांचे पुढचे प्रवास सारखे नाहीत. बरीच्या समर्थकांच्या एका गटाने तळाच्या श्रेणींतून नवा संघ उभा केला, दुसरा गट जुने मैदान गिग लेन परत मिळवण्याच्या खटपटीत राहिला, आणि २०२३ मध्ये दोन्ही गट एकत्र येऊन बरी एफसी या नावाने त्याच मैदानावर परतले. त्याआधी २००२ मध्ये विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जाण्याची परवानगी मिळाली तेव्हाही समर्थकांनी एएफसी विम्बल्डन स्थापन केला, जो २०११ मध्ये लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या मैदानाच्या परिसरात, प्लाऊ लेनवर परतला. हे शक्य झाले कारण तेथे खालच्या श्रेणींतून वर येण्याची शिडी आहे. भारतात २०१४ पासून २०२५ पर्यंत झालेल्या सुपर लीगच्या अकरा हंगामांत एकही संघ गुणतालिकेतल्या स्थानामुळे खाली गेला नाही. खालच्या आय-लीगमधून वर येण्याची वाट उघडली तीही २०२३ पासून, आणि त्या वाटेने पहिला वर आलेला पंजाब एफसी आपले घरचे सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर खेळू लागला. तळाला भीती नव्हती म्हणून मार्चमधल्या सामन्याला अर्थ नव्हता, आणि अर्थ नव्हता म्हणून वाद नव्हता.

दिल्लीला फुटबॉलची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. सिमल्यात १८८८ मध्ये सुरू झालेली ड्युरँड चषक स्पर्धा १९४० मध्ये दिल्लीत आली आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून, ब्रिटिश फौजी संघांच्या या स्पर्धेत विजेता होणारा पहिला भारतीय नागरी क्लब होण्याचा मान मिळवला. १९४४ मध्ये दिल्लीने संतोष चषक जिंकला. दिल्ली क्लॉथ मिल्सची डीसीएम स्पर्धा १९४५ पासून अनेक वर्षे परदेशी संघांनाही राजधानीत आणत असे. गढवालमधून आलेल्या लोकांनी १९५३ मध्ये गढवाल हीरोज उभा केला, आणि परमुलखात आलेल्या माणसांनी क्लबच्या रूपाने आपले गाव कसे बांधावे याचे ते उदाहरण आजही दिल्लीच्या लीगमध्ये खेळते आहे. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर २००७ आणि २००९ मध्ये भारताने सीरियाला हरवून नेहरू चषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक बॉब हॉटन हे इंग्रजच होते. ड्युरँड चषक मात्र २०१६ नंतर दिल्लीत राहिला नाही. २०१९ पासून तो कोलकात्यात भरू लागला. परंपरा होती, तिला सलगपणा मिळाला नाही.

आता ऐकले जाण्याच्या हक्काकडे वळावे. १८ एप्रिल २०२१ रोजी सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपातील आणखी सहा क्लबांसह सुपर लीग नावाची स्वतंत्र स्पर्धा जाहीर केली, जिच्यातील संस्थापक क्लबांना खाली जाण्याची भीतीच उरणार नव्हती. समर्थक चेल्सीच्या मैदानाबाहेर रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. दिल्लीच्या चाहत्यांनी त्या दोन दिवसांत समाजमाध्यमांवर तितक्याच पोटतिडकीने विरोध नोंदवला. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या चौकशीची परिणती इंग्लंडच्या २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्यात झाली. या कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला, नियामकाच्या मान्यतेवाचून मैदान विकण्यास किंवा संघ दुसरीकडे हलवण्यास मनाई केली, आणि क्लबचे बोधचिन्ह वा घरच्या गणवेशाचे रंग बदलायचे असतील तर समर्थकांच्या बहुमताचा पाठिंबा असल्याची खात्री करून घेण्याचे बंधन घातले. मात्र हे समर्थक कोणते? इंग्लंड आणि वेल्समधील. दिल्लीच्या चाहत्याची निष्ठा कितीही जुनी असली तरी या मोजणीत ती धरली जात नाही, आणि तसे असणेच योग्य आहे. क्लब हा आधी त्याच्या गल्लीचा असतो. परदेशातले कोट्यवधी प्रेक्षक मतदार झाले तर बरीसारख्या गावाचा आवाज उरणारच नाही. दूरच्या चाहत्याने हे मान्य करण्यात त्याच्या प्रेमाचा अपमान नाही.

उलट दिशेचे उदाहरणही दिल्लीतच आहे. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने घेतला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला, २०१७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत पोहोचला आणि वर्षभराने दुसऱ्या श्रेणीत परतला. परकीय चलनाविषयीच्या एका चौकशीमुळे मालकांना क्लबसाठी भारतातून पैसे पाठवण्याकरिता २०२३ पासून दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली, आणि लँकेशायरमधील एका कापडगिरण्यांच्या गावातले समर्थक शेरशाह रोडवरच्या न्यायालयातील सुनावणीच्या तारखांवर लक्ष ठेवू लागले. त्या गावातल्या माणसाचा संताप आणि असहायता पुण्या-दिल्लीच्या वाचकाने गांभीर्याने समजून घ्यायला हवी, कारण मालकी दूर गेली की जवळचा समर्थकही दूरचा होतो.

भारतीय फुटबॉलचे निर्णय घेणारी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची कचेरी द्वारकेत आहे. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला, ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने महासंघाला काही दिवस निलंबितही केले, आणि नवी घटना २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंजूर झाली. ज्या चाहत्याला इंग्लंडमधल्या नियामकाचे अधिकार कलमवार सांगता येतात, त्याच्यापासून या घडामोडी मेट्रोच्या एका तिकिटाच्या अंतरावर घडत होत्या. तरी त्याला दोष देण्याआधी हे पाहावे की त्याला बोलायला आमंत्रण कोणी दिले होते, आणि बोलण्यासाठी त्याच्यापाशी कोणता क्लब होता.

आता एक क्लब आला आहे. हैदराबादचा संघ २०२५ मध्ये दिल्लीत आणून त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली ठेवण्यात आले, म्हणजे पुण्यात रिकामी झालेली जागा हैदराबादमार्गे राजधानीत पोहोचली. पुण्याचे आणि हैदराबादचे समर्थक मागे राहिले, आणि दिल्लीच्या समर्थकाला आपल्या वाट्याला आलेली वस्तू दुसऱ्यांकडून निघून आलेली आहे हे ठाऊक आहे. त्याने या संघावर जीव लावावा अशी अपेक्षा असेल तर स्पर्धेच्या नियमांत एवढे लिहून द्यावे लागेल की संघाचे नाव, शहर आणि रंग तेथील समर्थकांच्या संमतीवाचून बदलणार नाहीत, आणि तळाला राहिलेला संघ खाली जाईल. हे लिहून मिळाले तर पहिली काही वर्षे आंबेडकर किंवा नेहरू स्टेडियमवर गर्दी थोडीच असेल आणि खेळही इंग्लंडच्या तोडीचा नसेल; पण २०३५ मध्ये करोल बागेतल्या एखाद्या खोलीत दोन मुले दिल्लीच्या संघाचा दहा वर्षांपूर्वीचा हंगाम आणि चालू हंगाम यांची तुलना करत भांडू शकतील.